बाटलीतला लाल उजेड आणि बल्बमधलं गुलाबी सिरम

प्रश्न : अक्का, नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो. वडील यंत्रमागावर होते, आता घरीच असतात. मी डीएमएलटी करून तीन वर्षांपासून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. सकाळी सात ते अकरा सँपल काढायची, मग मशीनवर चालवायची. आमच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या एका अंकात वाचलं, की चांदीचे अतिसूक्ष्म चमकणारे पुंजके वापरून रक्तातला 'मायक्रोआरएनए' ओळखता येतो आणि त्यावरून कॅन्सर लवकर कळू शकेल. चांदी चमकते म्हणजे नेमकं काय? एवढासा आरएनए तिला सापडतो कसा? आणि आमच्यासारख्या लॅबमध्ये हे कधी येईल का? जरा सविस्तर सांगा की. मी तुमच्या धाकट्या भावासारखा, मला 'तू'च म्हणा.
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : 'तू'च म्हणते. माझंही लहानपण पूर्व भागात गेलं. माझे वडील टॉवेलच्या प्रोसेसिंगला होते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पांढरा टॉवेल शेवटी ब्राइटनरच्या पाण्यातून निघायचा. त्या पाण्याला स्वतःचा असा रंग नसे, पण टॉवेल उन्हात वाळत घातला की बघवत नसे इतका पांढरा दिसायचा. ब्राइटनर उन्हातले आपल्याला न दिसणारे अतिनील किरण शोषतो, त्यातली थोडी ऊर्जा वाटेत खर्च होते आणि उरलेली निळ्या उजेडाच्या रूपात बाहेर पडते. एक उजेड घ्यायचा आणि त्याहून कमी ऊर्जेचा दुसरा परत द्यायचा, याला फ्लोरेसन्स म्हणतात, पाठ्यपुस्तकात प्रतिदीप्ती. नोटा तपासायच्या टॉर्चखाली नवा पांढरा टॉवेल धरून बघ, लगेच कळेल.

चांदीचा दागिना असं करत नाही. तो आरशासारखा उजेड नुसता परतवतो. दागिन्यात इतके इलेक्ट्रॉन असतात, की एकाला मिळालेली ऊर्जा क्षणात सगळ्यांत वाटली जाऊन जिरते. संक्रांतीच्या वेळी गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत एकाला धक्का बसला, तर तो पुढच्या दहा-वीस माणसांत विरून जातो, तसं. आता चांदीचे दहा-वीसच अणू एकत्र आहेत असं समज. अशा पुंजक्याचा आकार दोन नॅनोमीटरच्याही आत. इथे गर्दी नाही आणि इलेक्ट्रॉनना बसायला ठराविकच पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर गेलेल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जा वाटून टाकायला फारसं कुणी नाही, मग खाली येताना तो ती उजेडाच्या रूपात सोडतो. यांना नॅनोक्लस्टर म्हणतात. सोन्याचे होतात, तांब्याचेही होतात. २००९मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी गायीच्या रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये, ३७ अंशांवर म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाला, पंचवीस अणूंचे सोन्याचे लाल चमकणारे पुंजके तयार करून दाखवले.

मात्र चांदीचे अणू मोकळे सोडले तर एकमेकांना चिकटून मोठे कण होतात आणि चमक जाते. त्यांना धरून ठेवायला काहीतरी लागतं. २००४मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत डीएनएच्या छोट्या धाग्यावर चांदीचे पुंजके धरून ठेवले गेले. डीएनएची चार अक्षरं तुला पाठ असतील : ए, टी, जी, सी. त्यातल्या सी म्हणजे सायटोसिनला चांदीचा आयन फार आवडतो. म्हणून सी जास्त असलेला धागा घेतला की चांदी त्यावर बसते. धाग्यातली अक्षरं बदलली की चमकेचा रंगही बदलतो. हिरवा, पिवळा, लाल, अगदी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तापर्यंत.

माझा सगळ्यात जास्त संबंध आला तो लाल चमक देणाऱ्या बारा अक्षरांच्या धाग्याशी : सी-सी-टी-सी-सी-टी-टी-सी-सी-टी-सी-सी. डावीकडून वाच, उजवीकडून वाच, सारखाच. चादरीच्या काठावरची नक्षी मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जशी उलटसुलट जुळते, तसा. पहिल्यांदा वहीत लिहिला तेव्हा मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले होते.

करण्याची रीत अशी. धागा फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात घ्यायचा. त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचं, एका धाग्यामागे चांदीचे सहाएक आयन येतील एवढं. बर्फात, अंधारात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. मग बर्फाच्या पाण्यात त्याच क्षणी तयार केलेलं सोडियम बोरोहायड्राइड घालायचं आणि मिनिटभर जोरात हलवायचं. बोरोहायड्राइड शिळं चालत नाही. पाण्यात पडल्यापासून त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि जोर कमी होत जातो. द्रावण फिकट पिवळसर होतं आणि वाटतं, यात काय आहे? काही तास अंधारात ठेवून अतिनील दिव्याखाली धरलं की तेच फिकट पाणी आतून लाल पेटतं.

आता तुझा खरा प्रश्न, आरएनएचा. पेशीत जनुकाची नक्कल होऊन एक चिठ्ठी निघते, तो मेसेंजर आरएनए. चिठ्ठीप्रमाणे प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनए हा साधारण बावीस अक्षरांचा तुकडा. त्याच्यापासून प्रथिन होत नाही. तो जुळणाऱ्या चिठ्ठीला जाऊन चिकटतो आणि तिचं काम थांबवतो. ऑर्डर निघाली असली तरी मागांवर देखरेख करणारा जॉबर येऊन 'हा माग आत्ता बंद ठेवा' म्हणतो ना, तसा. १९९३मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत पहिला मायक्रोआरएनए ओळखला. पुढे कळलं, की माणसातही असे हजाराहून अधिक आहेत. २०२४चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्या दोघांना मिळालं.

कॅन्सरच्या पेशीत या जॉबरांची गणितं बिघडतात. काही वाढतात, काही गायब होतात. ते पेशीबाहेर रक्तातही येतात, आणि एरवी आरएनए रक्तात मिनिटांत तुटून जात असताना हे टिकतात, कारण ते प्रथिनांना बिलगून किंवा पेशींनी सोडलेल्या बारीक पिशव्यांच्या आत असतात. २००८मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात एक ठराविक मायक्रोआरएनए वाढलेला दिसला, तेव्हापासून जगभर लोक या मागे लागले.

मोजणं मात्र अवघड. आरटी-पीसीआरमध्ये आरएनएच्या नकला वाढवून मोजतात, आणि नक्कल सुरू करून देणारा छोटा धागा, म्हणजे प्रायमरच वीसेक अक्षरांचा असतो. आणि इथे पकडायची गोष्टच बावीस अक्षरांची! प्रायमर बसवायला जागाच नाही. त्यावर २००५मध्ये हेअरपिनसारखा वळवलेला प्रायमर निघाला आणि पीसीआर जमला. दुसरी अडचण, भावंडांची. लेट-सेव्हन नावाच्या कुटुंबातले 'ए' आणि 'सी' हे दोन मायक्रोआरएनए फक्त एका अक्षराने वेगळे आहेत. बावीस अक्षरांत एक. तिसरी म्हणजे, रक्तात हे असतात फार थोडे.

नॅनोक्लस्टरची युक्ती अशी. धाग्याचा एक भाग चांदी धरणारा ठेवायचा आणि त्याला जोडून दुसरा भाग ठेवायचा, जो हव्या त्या मायक्रोआरएनएला अक्षराला अक्षर जुळेल. मायक्रोआरएनए येऊन बसला की धाग्याची घडी बदलते, चांदीच्या भोवतालची जागा बदलते आणि चमक कमी किंवा जास्त होते. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये वर सांगितलेला तोच बारा अक्षरांचा लाल धागा वापरून हे दाखवलं. त्यांनी घेतलेला मायक्रोआरएनए माणसाचा नव्हता, वनस्पतीतला होता. तो आला की लाल चमक उतरायची.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. उजेड विझल्यावरून निदान करायची पद्धत मला पटत नाही. दिवा विझायला शंभर कारणं असतात. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत असताना माझी लाल चमक एकाएकी यायची थांबली. तीन आठवडे मी डीएनएला दोष देत होते. नवा मागवला, तरी तेच. द्रावण जरासं धुरकट दिसायचं, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. शेवटी एका संध्याकाळी फळीवरच्या दोन बाटल्या हातात घेऊन लेबलं वाचली. एक साधा फॉस्फेट बफर, दुसरी पीबीएस. मी तीन आठवडे पीबीएस वापरत होते. पीबीएसमध्ये मीठ असतं, आणि मिठातल्या क्लोराइडबरोबर चांदीचा पांढरा साका होतो, हे आपण शाळेतच परीक्षानळीत बघितलेलं असतं. चांदी डीएनएपर्यंत पोचतच नव्हती. त्या तीन आठवड्यांत कुणी माझ्या हातात 'चमक नाही म्हणजे आरएनए आहे' असा तक्ता दिला असता, तर मी प्रत्येक नळीला पॉझिटिव्ह म्हटलं असतं.

तू रोज इलेक्ट्रोलाइट्स करतोस. क्लोराइड शंभरच्या आसपास येतो ना? तेच ते मीठ. शिवाय रक्तातल्या प्रथिनांमध्ये गंधकाचे गट असतात, तेही चांदीला ओढतात. म्हणून सिरममध्ये थेट चांदी घालून काम होत नाही. आधी आरएनए वेगळा काढावा लागतो. 'रक्ताच्या एका थेंबात चमक' असं तू वाचतोस तेव्हा मधली ही पायरी बहुतेक वेळा गाळलेली असते.

उजेड लागणारी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. २०१०मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत असं दिसलं, की एका धाग्यावरचा जवळजवळ न चमकणारा पुंजका, जी अक्षरं भरपूर असलेला दुसरा धागा शेजारी आला की लाल पेटतो. चमक पाचशे पटींपर्यंत वाढली. दोन्ही धागे शेजारी आणायचं काम लक्ष्याने, म्हणजे शोधायच्या आरएनएने करायचं. ते असेल तरच दिवा. पण मायक्रोआरएनए बावीस अक्षरांचा. दोघांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला अकरा, आणि अकरा अक्षरांची पकड सैल असते. जरा ऊब लागली की सुटते. शोधनिबंधात 'रूम टेंपरेचर' लिहितात तेव्हा ती कुणाची रूम, हे मी नेहमी विचारते. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी वीज जाते.

कमी आरएनए असेल तर आधी त्याला वाढवून घेण्याच्या युक्त्या आहेत. त्यातली एक मला फार आवडते. डीएनएचा एक बंद गोल घ्यायचा, मायक्रोआरएनए त्यावर बसला की तिथून एन्झाइम नक्कल करायला लागतं, आणि गोलाला शेवट नसल्यामुळे तेच ते फिरत राहतं. तोच नमुना शेकडो वेळा आलेला लांबच लांब धागा तयार होतो. गोलाची रचना अशी करायची, की प्रत्येक नमुन्यात चांदी बसायची जागा येईल. एका मायक्रोआरएनएमागे शेकडो दिवे. यात धोका एवढाच, की चुकीचं काही गोलावर बसलं तर ते चूकही तितकीच वाढवून दाखवतं.

अजून एक, जे माझ्या वडिलांना मला समजवावं लागलं नसतं. एकाच सुताला, एकाच रंगाने, एकाच भट्टीत रंगवलं तरी दोन लॉटची शेड जुळेलच असं नाही. वडील दोन्ही लॉट खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरायचे, दिव्याखाली कधी नाही. चांदीच्या पुंजक्यांचंही तसंच आहे. धागा तोच, माप तेच, तरी सोमवारची बॅच आणि गुरुवारची बॅच सारखी चमकत नाही. म्हणून प्रत्येक रीडिंग त्याच बॅचच्या ब्लँकशी, म्हणजे आरएनए न घातलेल्या नळीशी, आणि माहीत असलेल्या नमुन्याशी लावूनच बघायचं. ज्या निबंधात एकाच बॅचवर सगळं केलंय, तो वाचताना मी हात आखडता घेते.

आता तुझ्या लॅबबद्दल. ही पद्धत आजही संशोधनाच्या प्रयोगशाळांतच आहे. तिला टक्कर द्यायची आहे पीसीआरशी, आणि ते मशीन तर कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यात पोचलं. नॅनोक्लस्टरची जमेची बाजू म्हणजे महागडा रंग चिकटवलेला धागा लागत नाही. साधा डीएनए आणि चिमूटभर सिल्व्हर नायट्रेट पुरतं. पण नुसतं स्वस्त असून भागत नाही. बॅचगणिक तेच उत्तर यायला हवं, आणि शेकडो खऱ्या रुग्णांवर पडताळून बघायला हवं. शिवाय ज्याचं नाव सारखं ऐकू येतं तो एमआयआर-२१ हा मायक्रोआरएनए अनेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये वाढतो, आणि नुसत्या सुजेतही वाढू शकतो. तेव्हा तो वाढला म्हणून कुठला आजार, हे कळत नाहीच.

पण मला तुझ्याशी सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या रसायनाबद्दल नाही, तू सकाळी सात ते अकरा जे करतोस त्याबद्दल. मायक्रोआरएनएचं मोजमाप बिघडतं ते बहुतेक वेळा मशीनवर नाही, शिरेपाशी. लाल पेशींमध्ये काही मायक्रोआरएनए ठासून भरलेले असतात, एमआयआर-४५१ आणि एमआयआर-१६ हे त्यातले मुख्य. सँपल हिमोलाइझ झालं, म्हणजे लाल पेशी फुटल्या, की ते सगळे सिरममध्ये उतरतात. आणि एमआयआर-१६ तर कित्येक अभ्यासांत तुलनेचं माप म्हणून धरलेला आहे! मापच फुगलं, तर त्याच्याशी तोललेलं सगळंच खोटं. म्हणजे सुई ओढताना झालेली घाई पुढे एखाद्या आलेखात कॅन्सरची खूण म्हणून दिसू शकते. डोळ्यांना सिरम गुलाबी दिसायच्या आधीच हा घोटाळा सुरू झालेला असतो. म्हणून नीट काम करणारे लोक आधी ४१४ नॅनोमीटरच्या उजेडात हिमोग्लोबिन बघतात. तुमच्या सेमी-ऑटो मशीनला बहुधा ४०५चा फिल्टर असेल. तो त्याच्या जवळचाच. रोजची सिरम त्यावर बघून वहीत लिहायला लाग. पंधरा दिवसांत तुला कळेल, कुठल्या दिवशी, कुणाच्या हातचं, कुठल्या रस्त्याने आलेलं सँपल फुटतं.

स्पिरिट पूर्ण वाळू दे. टर्निकेट मिनिटापेक्षा जास्त नको. सिरिंज जोरात ओढू नकोस, आणि बल्बमध्ये, म्हणजे रक्ताच्या नळीत, सोडताना सुई काढून, रक्त काचेच्या कडेने ओघळू दे. बल्ब हलवायचा नाही, सावकाश उलटा-सुलटा करायचा. मायक्रोआरएनएसाठी ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं द्रव्य असलेला बल्ब घेतात. गोठू न देणारं दुसरं द्रव्य, हेपॅरिन, नको, ते पुढच्या एन्झाइमांना अडवतं. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करतात, कारण पहिल्या फेरीनंतर उरलेल्या प्लेटलेट्समध्येही मायक्रोआरएनए भरपूर असतात. आणि उन्हाळ्यात गावाकडून मोटरसायकलच्या डिकीतून आलेला बल्ब यासाठी घ्यायचाच नाही.

तुझ्या वहीतले आकडे मला पाठव. माझ्या वर्गातल्या मुलांना ते दाखवायचे आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, तेव्हापासून मला भीती वाटते. मी बेचाळीस वर्षांची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आहे, की चांदी-सोन्याच्या नॅनो कणांनी रक्ताच्या थेंबातून सगळे कॅन्सर कळतात, पैसे भरून नाव नोंदवा. भरू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : भरू नका. ज्या संशोधनाचं नाव ते घेतात ते खरं आहे, पण ते वरच्या उत्तरात सांगितलं त्या टप्प्यावर आहे. एका थेंबातून सगळे कॅन्सर सांगणारी चांदीची चाचणी आज कुठल्याही दवाखान्यात रोजच्या वापरात नाही.

तुमची भीती मात्र खोटी नाही, आणि तिच्यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. तुम्ही बार्शीत राहता. तुमच्या गावात नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर रुग्णांची नोंदणी १९८७मध्ये बार्शीतच सुरू झाली. तिथे जा, मावशीचं वय आणि आजार सांगा, स्तनांची तपासणी करून घ्या. मॅमोग्राफी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, रक्तासारखा स्राव आला तर दिवस घालवू नका. सरकारी आरोग्य केंद्रांमधून तीस वर्षांपुढच्या लोकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणीही होते.

आणि गर्भाशयमुखाची तपासणी या निमित्ताने कराच. ती किती कामाची आहे हे जगाला तुमच्याच शेजारच्या जिल्ह्याने दाखवलं. १९९९मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख तीस हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. २००९मध्ये निकाल आला : आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. गावोगाव फिरून, बायकांना तयार करून, आठ वर्षं नोंदी ठेवून हे सिद्ध झालं. मी मायक्रोआरएनएच्या चाचणीकडून अपेक्षा ठेवते ती याच पुराव्याची. तुमचे पैसे मागणाऱ्यांकडे असा एक कागद आहे का, विचारून बघा.

मावशी आता बऱ्या असतील अशी आशा करते. तपासणीला जाताना त्यांचे जुने रिपोर्ट बरोबर न्या.

प्रश्न : मॅडम, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान दिनाला मुलांना नॅनोक्लस्टर करून दाखवता येतील का?
– एक शिक्षिका, मंगळवेढा

उत्तर : नॅनोक्लस्टर नकोत. बोरोहायड्राइडमधून हायड्रोजन सुटतो, ते अंगाला लागलं तर भाजतं, आणि सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग हातावरून आठवडाभर जात नाहीत. मूळ गोष्ट म्हणजे फ्लोरेसन्स. तो पालकाच्या जुडीतही दिसतो.

पालकाची पाच-सहा ताजी पानं चिरून खलबत्त्यात थोड्या स्पिरिटबरोबर कुटा. जवळपास गॅस, निरांजन, उदबत्ती काही नको. फडक्यातून गाळा, पारदर्शक काचेच्या छोट्या बाटलीत भरा. दिवसाच्या उजेडात ते गर्द हिरवं दिसेल. खोली अंधारी करा आणि नोटा तपासायची टॉर्च बाजूने लावा. हिरवं पाणी रक्तासारखं लाल दिसेल. पानात हरितद्रव्य शोषलेल्या उजेडाची ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाला देतं; स्पिरिटमध्ये ती द्यायला कुणी नाही, म्हणून ती लाल उजेड होऊन बाहेर येते. शेजारी हळद घातलेल्या स्पिरिटची एक बाटली ठेवा, ती हिरवट-पिवळी चमकेल. तिसरी बाटली नुसत्या स्पिरिटची ठेवा. ती ठेवायला विसरू नका. मुलांना आधी तिच्यावर टॉर्च मारायला लावा, मगच बाकीच्या दोनवर. टॉर्च कुणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पालक आदल्या दिवशीचा घेऊ नका. आणि बाटल्या पुसायला पांढरा टॉवेल नको, त्याचे तंतू काचेवर चिकटले की निळे चमकतात आणि मुलं तेच बघत बसतात.